हरेश्वरभाऊंची डाय

लग्नाला गेले की मी दागिने बघते. सगळ्याच बायका बघतात, पण माझी नजर जरा वाईट आहे. समोरची बाई घरचं काही सांगत असते आणि मी तिच्या कानातलं पान बघत असते. पानाची मधली शीर टोकापर्यंत गेली आहे का, कडेची कातर एकसारखी आहे का, कुठे छिन्नी घसरली आहे का. पालघरला एका लग्नात नवरीच्या मावशीने मला विचारलंसुद्धा, काय हो, माझ्या कानाला काही लागलंय का? मी नाही म्हटलं आणि जेवायला गेले. तिच्या कानात जे होतं ते मी कोरलेलं होतं. पण तसं सांगायची पद्धत आमच्या धंद्यात नाही. माझ्या बाबतीत तर ते आणखीच अवघड होतं.

आमचा धंदा डाय कोरायचा. वाणगावपासून खाली समुद्रापर्यंतच्या गावांत तो घरोघरी चालायचा, अजूनही थोडा चालतो, पण बाहेरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो. लोकांना वाटतं, सोनार बसून एकेक फूल, एकेक पान सोन्यात घडवतो. तसं असतं तर सोनं घालणं कुणालाच परवडलं नसतं. सोन्याचा पातळ पत्रा पोलादाच्या ठोकळ्यावर ठेवून दाबतात. ठोकळ्यात नक्षी खोल कोरलेली असते, ती पत्र्यावर उठून दिसते. तो ठोकळा म्हणजे डाय. एका डायवर हजारो पानं निघतात, आणि ती कुठल्या कुठे जातात, कुणाच्या कानात, कुणाच्या गळ्यात, ते कोरणाऱ्याला कधी कळत नाही.

कोरायचं सगळं उलटं. दागिन्यात जे वर यायला हवं ते आम्ही खाली खणतो. मोराची छाती फुगीर हवी तर तिथे खड्डा करायचा. मऊ पोलादात बारीक छिन्न्यांनी आणि हलक्या हातोडीने काम करायचं, मधूनमधून त्यात मेण दाबून ठसा बघायचा, पुन्हा कोरायचं. मनासारखं झालं की घासून चकचकीत करायचं. मग ते लाल तापवून एकदम तेलात बुडवायचं, म्हणजे पोलाद कडक होतं. त्या वेळी तडा गेला तर आठवड्यांचं काम भंगारात. व्यापारी डाय घेऊन जातो आणि ती त्याची होते. त्यावर कोरणाऱ्याचं नाव नसतं. ओळख राहते ती तोंडी, की हे अमक्याच्या हातचं आहे. आमच्या घरातून जे जायचं त्याला बाजारात ‘हरेश्वरभाऊंची डाय’ म्हणायचे.

हरेश्वर म्हणजे माझे यजमान. माणूस अबोल आणि हात म्हणजे सोनं. मी लग्न होऊन आले तेव्हा पडवीत खिडकीखाली त्यांचं लाकडी मेज होतं आणि सकाळपासून तिथून टकटक ऐकू यायची. मला तो आवाज आवडायचा. माझं माहेर शिरगावचं. वडिलांचा पानमळा होता. लहानपणापासून नागवेलीची पानं खुडायची, मोठी-लहान वेगळी करायची, शंभर शंभरच्या गड्ड्या बांधायच्या, हेच काम. त्यामुळे पान कसं वळतं, शिरा देठातून कशा फुटतात, हे मला शिकावं लागलं नाही. यजमानांचं पान सरळ असायचं, शाळेच्या पुस्तकात काढतात तसं. मी एकदा चहा देताना म्हटलं की पान असं ताठ उभं राहत नाही, जरा कलतं. ते हसले आणि म्हणाले, व्यापाऱ्याला असंच लागतं.

घरातल्या बायकांकडे घासायचं काम असे. ते गावात सगळीकडेच. काडीला तेल आणि पावडर लावून डायचा कोपरान्‌कोपरा घासायचा. तुम्ही एखादी गोष्ट रोज घासत बसलात की ती तुमच्या बोटांना पाठ होते. कुठे खोली कमी पडली आहे हे मला डोळे मिटून सांगता यायचं. पण कुणी विचारत नव्हतं आणि मीही सांगत नव्हते.

केतन, आमचा मुलगा, प्राथमिक शाळेत होता तेव्हा यजमानांना साखरेचा त्रास निघाला. पायाला जखम झाली, ती बरी झाली. मग डोळे गेले. गेले म्हणजे एकदम नाही. आधी दिवा मोठा आणला, मग भिंग बदललं, मग मेज खिडकीच्या आणखी जवळ ओढलं. बोईसरच्या डॉक्टरांनी पुढे मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा खराब होतो आहे, आहे ते सांभाळा. घरी आल्यावर ते मेजावर बसले आणि काम सुरू केलं.

एक दिवस घासायला आलेल्या डायवर मला एका पानाची शीर अर्धीच दिसली. त्यांना ती दिसलीच नव्हती. मी ती तशीच परत नेऊन ठेवू शकले असते. ते बाहेर झोपाळ्यावर बसले होते. मी त्यांची छिन्नी घेतली आणि शीर पुरी केली. सरळ कोरायला गेले, तर ती माझ्या हातून जराशी कललीच. संध्याकाळी त्यांनी डाय हातात घेतली. बोटाचं नख त्या शिरेवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग डाय फडक्यात गुंडाळून ठेवली आणि जेवायला काय केलंय ते विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून ते काम अर्धं करून उठायला लागले. आधी बारीक काम मागे राहायचं, मग पाकळ्या, मग सगळंच. कागदावरचा नमुना मेजावर ठेवून ते म्हणायचे, ‘मी जरा पाय मोकळे करून येतो.’ ते परत यायचे तोवर मी कोरत बसायचे. आमच्यात याबद्दल काही ठरलं नव्हतं. भांडण झालं नाही, बोलणंही झालं नाही. मी माझ्या हाताच्या मापाच्या छिन्न्या जुन्या कानशी घासून तयार केल्या आणि त्या शिलाई मशीनच्या खणात ठेवल्या. कुणी आलं तर मी मशीनवर बसायचे आणि ते मेजावर, हातात हातोडी घेऊन.

व्यापारी कांतीशेठ महिन्यातून एकदा मुंबईहून यायचे. यजमान त्यांना डाय दाखवायचे. शेठ भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, हरेश्वरभाई, वय वाढतंय तसा हात मऊ होतोय तुमचा. मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन यायचे. मला आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. आणि यजमानांचा चेहरा बघितला की तो आनंद तिथेच विझायचा. कौतुक ऐकताना ते जमिनीकडे बघायचे.

एक काम मात्र त्यांनी सोडलं नव्हतं, ते भट्टीचं. मागच्या अंगणात चिंचेखाली छोटी कोळशाची भट्टी होती. डाय तापवून तेलात टाकायची वेळ पोलादाच्या रंगावरून ठरते. काळपट लाल, मग अर्धवट पिकलेल्या करवंदासारखा, मग उजळ. उजळायच्या आधी बाहेर काढायचं. लग्नसराईच्या तोंडावर कांतीशेठनी मोराचं मोठं पदक मागितलं होतं. मी त्यावर तीन आठवडे बसले होते. पिसारा कोरताना मानेत कळ यायची, ती खांद्यापर्यंत जायची. मला स्वतःला इतकं आवडलेलं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

यजमान भट्टीशी बसले. मी मागे उभी होते. रंग चढत गेला. मला वाटलं, आता.

‘आता काढा,’ मी म्हटलं.

‘अजून नाय झाला.’

‘झालाय. काढा ना.’

‘माजा डोळा अजून शाबूत हाय, प्रमिला,’ ते म्हणाले.

पोलाद उजळलं. त्यांनी चिमट्याने ते उचललं आणि तेलात टाकलं. धूर झाला आणि त्यात एक बारीकसा आवाज आला, काचेची बांगडी वाढवावी तसा. दोघांनाही तो कळला. त्यांनी डाय बाहेर काढली, गार होऊ दिली, आणि पिसाऱ्यावरून नख फिरवलं. तडा मधोमध गेला होता. ते तिथेच चिंचेला टेकून बसले. कोंबड्या अंगणात आल्या, गेल्या. ऊन त्यांच्या पायावरून सरकत भिंतीवर गेलं, तरी ते उठले नाहीत. मी जेवायला बोलावलं तेव्हा म्हणाले, ‘उद्यापासून भट्टी तू बग.’

तोवरच्या सगळ्या वर्षांत या बाबतीत ते माझ्याशी जे बोलले ते एवढंच. मी मोर पुन्हा कोरला. शेठना सांगितलं की यजमानांना ताप होता, उशीर झाला. दुसरा मोर पहिल्याइतका चांगला झाला नाही, पण तोच बाजारात गेला आणि नावाजला गेला. पहिल्याची बरोबरी कुणी करू शकलं नाही, मीसुद्धा नाही, आणि तो बघितला होता फक्त आम्ही दोघांनी. त्यातल्या एकाने तर बोटांनीच.

आता एका गिऱ्हाइकाबद्दल सांगते. गिऱ्हाईक म्हणणं चूक आहे, कारण आमच्याकडे सोनं घालणारं माणूस कधी येत नाही.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आग लागली होती. तिथे अशा आगी लागतात, आमच्या गावापर्यंत आवाज येतो, खिडक्या हलतात, आणि मग कुणाचा माणूस कुठल्या पाळीला आहे याची फोनाफोनी सुरू होते. केतन तेव्हा आयटीआय करून तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत लागला होता. त्याचा फोन लागेपर्यंत मी हातात छिन्नी धरून नुसती बसून होते. तो सुखरूप होता. काही माणसं गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक तरुण बाई आमच्या दारात आली. सालवडला भाड्याच्या खोलीत राहणारी, बिहारकडची. मीनादेवी नाव. तिचा नवरा त्या आगीत गेला होता. तिने रुमालाच्या गाठीतून एक कानातलं काढलं, पान आणि खाली दोन मोती. जोडीतलं दुसरं त्या दिवशी धावपळीत कुठेतरी पडलं होतं. बोईसरच्या सोनाराने तिला सांगितलं होतं की हा ठसा वाणगावच्या बाजूचा आहे, तिकडे हरेश्वरभाऊंना विचार.

यजमान ओटीवर बसले होते. तिला मी मागच्या पडवीत नेलं. ते पान हातात घेतलं आणि उलटं केलं. दाबून काढलेल्या दागिन्याची मागची बाजू पोकळ असते, तिथे कोरणाऱ्याचा हात जास्त स्पष्ट दिसतो. शीर डावीकडे कललेली होती. ती डाय मी केतनच्या दहावीच्या वर्षी केली होती.

‘आपके यहाँ बना है?’ तिने विचारलं.

‘मैंने बनाया है,’ मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी हे तोंडाने बोलले होते. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि विचारलं, ‘तो दूसरा मिल जाएगा?’

तिला त्याचं काय. तिचं बरोबरच होतं. मी तिला सांगितलं की डाय आमच्याकडे राहत नाही, व्यापाऱ्याकडे जाते, आणि जुन्या डाय मोडीत निघतात. तिला ते नीट कळलं नसावं. ती कानातलं परत गाठीत बांधायला लागली. गाठ बांधताना म्हणाली की गावाला जायचं आहे, सासूबाई विचारतील, जोडी कुठे आहे म्हणून. त्यांना वाटेल मी विकलं. हे सांगताना ती रडली नाही. रडून झालेलं असावं.

मी ते पान ठेवून घेतलं. एकच नग काढायचा तर पोलाद लागत नाही, पितळेतही काम होतं. मी नवी डाय कोरली, पहिल्यासारखीच, जिथे तेव्हा चुकले होते तिथे मुद्दाम चुकून. बोईसरच्या सोनाराने पत्रा दाबून दिला, मोती लावून दिले. मीनादेवी ते न्यायला आली तेव्हा तिने दोन्ही कानांत घातलं आणि मोबाईलच्या काचेत बघितलं.

‘ये वाला नया दिखता है,’ ती म्हणाली.

‘पुराना हो जाएगा,’ मी म्हटलं.

ती गेल्यावर यजमानांनी मला हाक मारली. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. त्या पहिल्या दिवशी मी काय बोलले तेही त्यांनी ऐकलं होतं, आणि इतके दिवस मनात ठेवलं होतं. म्हणाले, ‘ती परकी हाय. तिला सांगितलंस तर चालंल.’ वाणगावच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या उलथायला मी गेले. बराच वेळ उलथत होते.

मला त्यांचा राग यायचा का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. पण डोळे गेलेल्या कारागिरावर रागवायचं तरी किती. लोक त्यांना रस्त्यात थांबवून नवीन काय कोरताय म्हणून विचारायचे, तेव्हा ते दोन शब्द बोलायचे आणि जरा ताठ चालायचे. घरात आल्यावर तो ताठा जायचा. मी तो ताठा काढून घेतला असता तर त्यांच्याकडे उरलं काय असतं? हे मी स्वतःला सांगत आले. खरं होतं, आणि पुरेसं नव्हतं.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. पहाटे उठून बसले, पाणी मागितलं आणि गेले. गाव जमलं. सगळे म्हणाले, असा हात पुन्हा होणार नाही. मी खाली मान घालून ऐकलं.

तेराव्यानंतर कांतीशेठ भेटायला आले. म्हातारे झाले होते, काठी घेऊन चालत होते. थोडा वेळ बसले, मग म्हणाले की त्यांचे दोन नमुने आमच्याकडे राहिले आहेत ते घेऊन जातो, आता काय उपयोग. मी आत गेले. मशीनचा खण उघडला, माझ्या छिन्न्या आणल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. सगळं सांगितलं. कधीपासून, कुठल्या कुठल्या डाय, मोर, कमळ, आंबापान. बोलताना माझा आवाज चढला होता. बाजूच्या खोलीत केतन होता, तो दारात येऊन उभा राहिला.

शेठनी एक छिन्नी उचलून बघितली आणि परत ठेवली.

‘बेन, मला तर पहिल्यापासून ठाऊक होता,’ ते म्हणाले. ‘हरेश्वरभाईचा पान सरळ. तुमचा पान नागवेलीचा. बाजारात सगळ्यांना ठाऊक होता.’

‘मग कधी बोलला का नाहीत?’

‘बोलून काय? त्यांना वाईट वाटला असता. काम तर चांगला येत होता.’

मी केतनकडे बघितलं. तो खाली बघत होता. त्याला माहीत असणारच, तो याच घरात वाढला. शेजारच्या बायका, घासायला डाय घेऊन जाणाऱ्या, त्यांनाही ठाऊक असणार. पडवीची खिडकी रस्त्यावर उघडते, टकटक कोण करतंय ते जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एक गोष्ट लपवते आहे. ज्याच्यापासून लपवावं असं कुणी बाकीच नव्हतं. सगळ्यांनी मिळून न विचारायचं ठरवलं होतं, तेही आमच्यासारखंच, न बोलता.

मी शेठना विचारलं की मग यापुढे काम माझ्या नावावर द्याल का. चांगला माणूस, खोटं सांगवेना. म्हणाले, ‘नावाचा प्रश्न नाही, बेन. आता हाताचा काम कोण घेतो? सगळा कॉम्प्युटरवर.’ जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. त्यांनी तसं पूर्वी कधी केलं नव्हतं. मला तो नमस्कार नको होता, काम हवं होतं.

कॉम्प्युटर आमच्याही घरात आला आहे. केतनने कंपनी सोडून बोईसरला दोन मित्रांबरोबर गाळा घेतला आहे. तिथे मशीन आहे. पडद्यावर नक्षी काढली की मशीन ती पोलादात कोरते, रात्रंदिवस, न थकता. डाय करतो, साचे करतो, कंपन्यांच्या पाट्या करतो. त्याला माझ्या जुन्या नमुन्यांचे कागद हवे होते, मी दिले. मशीनने काढलेलं माझं पान त्याने आणून दाखवलं. त्यात काही चूक नव्हती. मी खूप शोधली. पान माझंच होतं, कललेलं, आणि त्याला माझी गरज नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पट्ट्यातल्या कारागिरांच्या मंडळाने पालघरच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. धंदा बसत चालला की सत्कार वाढतात. यजमानांना मरणोत्तर सन्मान होता, तो मी स्वीकारायचा होता. मी जाणार नव्हते. केतन म्हणाला, बाबांसाठी चल. गेले.

मंचावर यजमानांचा मोठा फोटो होता, हार घातलेला. बाजूला पडद्यावर त्यांच्या कामाची चित्रं एकामागून एक येत होती. पहिली दोन त्यांची होती, सरळ पानाची, सुरेख. पुढची सगळी माझी. दुसरा मोर आला तेव्हा टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ म्हणाले, हरेश्वरभाऊंनी दृष्टी अधू झाल्यावर आपलं सर्वोत्तम काम केलं, हा चमत्कार आहे. मला वर बोलावलं. शाल घातली, लाकडी चौकटीतली पितळी पाटी हातात दिली. त्यावर यजमानांचं नाव कोरलेलं होतं. मग सूत्रसंचालकांनी माइक माझ्यापुढे धरला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

मी काही ठरवून गेले नव्हते. समोर आमच्याच गावची माणसं बसली होती, पहिल्या रांगेत यजमानांचे मित्र, त्यांच्या मागे बायका. मी म्हटलं, ‘डोळे गेल्यावरचं सगळं काम मी केलंय. तो मोर माझा आहे.’

कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ बुटाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता कुणी तरी काही बोलेल, उठेल, निदान रागावेल.

सूत्रसंचालकांनी हळूच माइक आपल्याकडे घेतला. म्हणाले, ‘अगदी खरं आहे. प्रत्येक मोठ्या कलावंताच्या मागे अशी एक माउली उभी असते. तिचं कामही त्याच्याइतकंच मोठं असतं. वहिनींसाठी जोरदार टाळ्या.’

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. बायकांनी तर डोळे पुसले. मी शाल सावरत खाली उतरले. पुढचं नाव पुकारलं गेलं.

केतनच्या गाडीवरून आम्ही घरी आलो. घरी आल्यावर मी शाल घडी करून कपाटात ठेवली, चहा टाकला. तो पाटी हातात घेऊन बसला होता, अंगठ्याने अक्षरं चाचपत होता.

‘आई, तू काय बोललीस ते लोकांना समजलं नाय,’ तो म्हणाला.

‘समजलं रे. चांगलं समजलं.’

त्याने पाटी उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाला, ‘मी उद्या गाळ्यावर नेतो ही. तुजं नाव टाकून आणतो, बाबांच्या नावाखाली. नाय तर वर टाकतो. मशीनवर दहा मिनिटांचं काम हाय.’

मी चहा गाळत होते. ‘दहा मिनिटांचं? मग राहू दे,’ मी म्हटलं.